कारपेटखालचं दूध

अगं, आधी उठ आणि गाडीच्या चारही काचा खाली कर. हे वाचायचं नंतर. चैत्र-वैशाखात आपल्या धाराशिवला पारा चाळिशी गाठतो, आणि उन्हात बंद उभी केलेली गाडी तासाभरात बाहेरच्यापेक्षा वीसेक अंशांनी जास्त तापते. त्या भट्टीत कारपेटमध्ये मुरलेलं दूध ठेवायचं म्हणजे वासाला आपणच खतपाणी घालायचं. काचा उघड्या असल्या की निदान तो आत साचून सीटच्या कापडात, छताच्या अस्तरात आणि एसीच्या नळ्यांत मुरणार नाही.

गाडीत दुधाची किटली कलंडल्याचं फोनवर सांगताना तू रडवेली झाली होतीस म्हणून जास्त बोलले नाही. आता सविस्तर लिहिते. जपून ठेव, कारण हे काम एका दमात होत नाही, आणि मधली एखादी पायरी चुकली तर पहिली मेहनत वाया जाते.

तू म्हणालीस की कारपेट दोनदा पुसलं, वरून सुगंधी स्प्रे मारला, डॅशबोर्डवर नवी अत्तराची कुपी ठेवली, तरी सकाळी दार उघडलं की वास अंगावर येतो. येणारच गं. तू पुसलंस ते वरचं. गाडीच्या तळाशी काय काय असतं ते कधी पाहिलंयस? वर रबरी मॅट, तिच्याखाली कारपेट, कारपेटच्या पोटाला चिकटलेला किंवा सुटा अंथरलेला फोम नाहीतर नमद्यासारखा जाड थर, आणि मग पत्रा. दूध पातळ. ते काही क्षणांत कारपेटमधून उतरून त्या थरात जातं आणि उताराच्या बाजूला सरकतं. म्हणजे किटली मागच्या सीटजवळ कलंडली असली तरी दूध पुढच्या सीटखाली सापडू शकतं. वरचं कापड वाळलं म्हणून तुला वाटलं झालं, आणि खालचा फोम अजून ओलाच आहे.

आता दुधाचं होतं काय, ते नीट समजून घे. एकदा ते कळलं की कोणाचा कोणता सल्ला ऐकायचा हे तुझं तुलाच कळेल.

म्हशीच्या दुधात शंभरातले चौऱ्याऐंशी भाग तर पाणीच असतं. ते उडून जातं. मागे राहतात दुधातली साखर, प्रथिनं आणि स्निग्धांश. आपल्या भूम-वाशीकडच्या खव्याच्या भट्ट्या तू लहानपणापासून बघितल्यास. कुंथलगिरीच्या खव्याला आता भौगोलिक मानांकनही मिळालंय. पाच लिटर म्हशीचं दूध आटवलं की साधारण किलोभर खवा उतरतो, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. तुझं तीन लिटर सांडलं. म्हणजे पाणी उडाल्यावर तुझ्या गाडीच्या फोममध्ये अर्धा किलोच्या आसपास खवा जिरलाय असंच समज, आणि तोही उन्हात नासत पडलेला. अत्तराची कुपी त्याला काय करणार?

त्यातून ते निरसं दूध होतं. तापवलेलं असतं तर थोडा वेळ तरी मिळाला असता. निरशा दुधात जिवाणू मुळातच असतात, आणि तीस-चाळीस अंशांच्या उबेत ते झपाट्यानं वाढतात. ते आधी साखरेवर पडतात, तिचं आम्ल करतात. पहिल्या दिवशीचा आंबूस वास तो. आम्ल वाढलं की प्रथिनं फाटतात, म्हणजे फोमच्या छिद्राछिद्रांत दूध फाटून त्याचा चोथा अडकतो. नंतर स्निग्धांशाची पाळी. गाई-म्हशी-शेळीच्या दुधाच्या चरबीत ब्युटिरिक आम्ल नावाची एक गोष्ट बांधलेली असते. चरबी कुजू लागली की ते सुटं होतं. खवट लोण्याचा आणि उलटीचा जो वास असतो, तो याचाच. आपल्या नाकाला त्याचा अगदी लेशही जाणवतो. म्हणूनच जावईबापूंना वाटलं की पोरानं गाडीत उलटी केली आणि तू लपवलंस. त्यांना हे सांग. लेकराला उगाच बोल लावू नका म्हणावं.

तर काम करायचंय ते या तिघांचं: साखर, प्रथिनं, चरबी. साखर पाण्यानं निघते. प्रथिनांना थंड पाणी लागतं आणि चरबीला साबण. क्रम मोडू नकोस.

थंड पाण्यावर माझा जोर आहे, कारण तुझ्या शेजारणीनं सांगितलंय कढत पाणी ओत म्हणून. मुळीच ओतू नकोस. गरम पाण्यानं दुधातली प्रथिनं थिजून धाग्यांना धरून बसतात. आपल्या घरी दुधाचे कॅन कसे धुतले जायचे आठव. आधी गार पाण्यानं खळबळून दूध काढून टाकायचं, मगच धुण्याचा सोडा घातलेलं गरम पाणी. मोठमोठ्या डेऱ्यांतल्या यंत्रांनाही हाच क्रम असतो. दुधाच्या धंद्यातल्या माणसाला हे कोणी शिकवावं लागत नाही. वॉशिंग सेंटरवाल्यानं वाफेचं यंत्र दाखवलं तरी सुरुवातीलाच वाफ मारू देऊ नकोस, हेही त्यातच आलं.

आता प्रत्यक्ष काम. सकाळी लवकर सुरू कर, म्हणजे दिवस पुरेल. मॅट काढून वेगळी धू. मग दाराच्या उंबऱ्याशी जी प्लास्टिकची पट्टी असते, ती ओढली की खटके सुटतात, आणि तिच्याखालून कारपेटची कड मोकळी होते. तिथून हात घालून खालचा थर चाचपून बघ. हाताला ओल लागेल, नाहीतर वाळून कडक झालेला पापुद्रा लागेल. नाक जवळ नेऊन कुठवर पसरलंय ते ठरव आणि खडूनं खूण कर. या एका कामाला अर्धा तास गेला तरी चालेल. जागा चुकली तर पुढचं सगळं व्यर्थ.

सीट आडवी येत असेल तर ती काढावी लागेल, पण ते काम तू करायचं नाहीस. सीट चार बोल्टवरच असते हे खरं, पण तिच्याखाली वायरी असतात, आणि पिवळ्या रंगाचा जोड दिसला तर तो एअरबॅगचा. बॅटरी जोडलेली असताना त्याला हात लावणं धोक्याचं. गॅरेजच्या मिस्त्रीला बोलाव, त्याला बॅटरीची निगेटिव्ह तार काढून थोडा वेळ थांबायला सांग आणि मग सीट उतरवू दे. काही गाड्यांत कारपेटखालीच इलेक्ट्रॉनिक डबा बसवलेला असतो. म्हणून बादली ओतण्याचा विचारही करू नकोस. पाणी फवाऱ्यानं किंवा मगानं, हातात राहील इतकंच.

फोम सुटा असेल तर तुझं नशीब थोर. बाहेर काढ, अंगणात आडवा टाक, गार पाण्यानं पुन्हा पुन्हा भिजवून दाब. पाणी पांढुरकं येणं थांबेपर्यंत. चिकटलेला असेल तर जागच्या जागी करावं लागेल. गार पाणी फवारायचं, थोडं मुरू द्यायचं आणि टिपून घ्यायचं. घासायचं नाही, घासलं की चोथा आणखी आत जातो. ओलं ओढून घेणारा व्हॅक्यूम मिळाला तर फारच उत्तम. वॉशिंग सेंटरवर असतो, तेवढ्यापुरता वापरू देतात का विचार. नाही मिळाला तर जुने सुती पंचे, फाटकं धोतर, जाड टॉवेल घड्या करून ठेव आणि वर वजन दे.

तू म्हणशील, पायानं दाबते. मला माहितीये तुला ते जमायचं नाही. दुधाला पाय लावू नये हे आईनं आपल्या हाडीमाशी भिनवलंय. मग टॉवेलवर पाट ठेव आणि पाटावर ज्वारीचं दहा-वीस किलोंचं पोतं. चांगलं दाबतं. टॉवेल भिजला की बदल. हे तीन-चार वेळा तरी करावं लागेल, आणि कंटाळा येईल. पण बराचसा वास इथेच जातो, म्हणून इथे घाई करू नकोस.

त्यानंतर एन्झाइमवालं क्लीनर. पाळीव कुत्र्या-मांजरांनी घाण केली की वापरतात ते. सोलापूर-लातूरला पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळेल, ऑनलाइन तर मिळतंच. बाटलीवर प्रोटीएज आणि लायपेज हे शब्द शोध. पहिलं प्रथिनं तोडतं, दुसरं चरबी. कारपेटच्या एखाद्या झाकल्या कोपऱ्यावर आधी लावून रंग जातो का बघ, आणि मग दूध जिथवर गेलं तिथवर पोहोचेल इतकं शिंपड. नुसता वरवर फवारा मारून काही होत नाही. शिंपडल्यावर गाडी सावलीत ने, त्या लिंबाच्या झाडाखाली लाव. ही एन्झाइमं ओलाव्यातच काम करतात, आणि फार उष्णतेनं मरतात. आपल्या उन्हात तासाभरात सगळं वाळून जाईल आणि बाटलीचे पैसे फुकट. वर ओलं फडकं आणि त्यावर प्लास्टिकचा कागद घालून रात्रभर राहू दे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गार पाणी, पुन्हा टिपणं. आता चरबीचा अंश उरला असेल तर भांड्याच्या लिक्विडचे चार-पाच थेंब मगभर कोमट पाण्यात. प्रथिनं निघून गेल्यावर कोमट चालतं. पण साबण आत राहू देऊ नकोस. राहिला तर पुढे धूळ धरून ती जागा काळी पडते.

सोडा शेवटी. खाण्याचा सोडा, धुण्याचा नाही. लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे, फवारा, थोडा वेळ राहू दे, टिपून घे. जे आम्ल सुटं झालं आहे त्याला सोडा बांधून टाकतो. त्याचं मीठ होतं, आणि ते हवेत उडत नाही, म्हणून नाकापर्यंत पोहोचत नाही. कारपेट वरून कोरडं झालं की कोरडा सोडा भरपूर भुरभुरून रात्रभर ठेव आणि सकाळी व्हॅक्यूमनं ओढून घे.

व्हिनेगरबद्दल तू विचारलंस. सगळे सांगतात, पण माझं मत त्याच्या विरुद्ध आहे. वास आम्लाचा, त्यावर आणखी आम्ल ओतून काय साधणार? आणि सोड्यानंतर व्हिनेगर मारलं तर सोड्यानं बांधलेलं पुन्हा सुटतं. दोन्ही एकत्र केले की फसफसतं, ते बघायला बरं वाटतं, पण ते एकमेकांना मारून मोकळे होतात. तुझं व्हिनेगर लोणच्यात राहू दे. ब्लीचिंग पावडरचं पाणी तर अजिबात नको. कारपेटचा रंग जाईल, आणि ते आम्लाशी मिसळलं तर विषारी वायू सुटतो. बंद गाडीत तर फारच वाईट.

आणि फिनेल, धूप, कॉफीची पूड, कापूर, हे सगळं वासावर पांघरूण. त्यात एक गोष्ट मला कळवळून सांगायची आहे. सासूबाईंनी डांबराच्या गोळ्या सीटखाली टाकायला सांगितल्यात ना? त्या टाकू नकोस, टाकल्या असतील तर आजच काढ. तापलेल्या बंद गाडीत त्यांची वाफ कोंडते आणि तान्ह्या लेकराच्या रक्ताला ती बाधू शकते. त्यांचं मन मोडायचं नसेल तर म्हण, डॉक्टरांनी नको सांगितलंय. ते खोटंही नाही, कुठल्याही बालरोगतज्ज्ञाला विचार, तो हेच सांगेल. गाडीत ठेवायचाच असेल तर लाकडी कोळसा ठेव, सुती पिशवीत घालून. कोळसा वास खरोखर शोषतो. पण तोही सगळं धुऊन झाल्यावर उरल्यासुरल्यासाठी.

वाळवणं हेच खरं मोठं काम, आणि इथे आपला जिल्हा आपल्या बाजूचा आहे. कोकणात कोणी हे पावसाळ्यात करायला गेलं तर आठवडाभर फोम वाळायचा नाही आणि बुरशी धरायची. आपल्याकडची हवा उन्हाळ्यात इतकी कोरडी की पापड सकाळी घातले तर दुपारी काढावे. कारपेटची कड उचल, पत्रा आणि कारपेट यांच्यामध्ये स्टीलचे दोन डबे आडवे सारून ठेव म्हणजे खालून वारा खेळेल. चारही दारं उघडी, दारात टेबलफॅन, तोंड आतल्या बाजूला. दुपारी तोंडानं फुंकर घातल्यासारखा गरम वारा सुटतो, तो वाया घालवू नकोस. वरून हात लावून वाळलं म्हणू नकोस. फोममध्ये कोरडा कागद खुपसून बघ, कागद सादळला तर अजून वेळ आहे. घाईघाईनं पट्टी बसवून टाकलीस तर दुधाचा वास जाऊन कुबट वास मागे लागेल.

एसीच्या फिल्टरकडे लक्ष दे. पुढच्या डाव्या सीटसमोर सामानाचा कप्पा असतो, बहुतेक गाड्यांत त्याच्या मागेच तो बसवलेला असतो. मिस्त्री पाच मिनिटांत बदलून देईल. इतके दिवस आतलीच हवा फिरवत एसी लावलास, त्यामुळे त्यातही वास बसला असेल. यापुढे काही दिवस बाहेरची हवा घेणारं बटण चालू ठेव.

हे सगळं करूनही वास राहिला तर? मग फोमचा तेवढा तुकडा कापून नवा घालायचा. त्यात काही कमीपणा नाही. सीट-कव्हरवाला कुशनकाम करतो, त्याला मापाचा तुकडा सहज मिळतो. वॉशिंग सेंटरला दिलीस तर एकच प्रश्न विचार: कारपेट उचलून खाली बघणार का? हो म्हणाला तर दे. ‘शॅम्पू मारून परफ्यूम देतो’ म्हणाला तर गाडी परत आण. शॅम्पूचं पाणी खाली उतरून आहे त्यात भरच घालेल.

आता मनातलं बोलते.

तू फोनवर शेवटी हळूच म्हणालीस, ‘अक्का, ते अभिषेकाचं दूध होतं.’ तेव्हाच मला कळलं की तुला वासाचं जितकं लागलंय त्याहून जास्त याचं लागलंय. माहेरच्या म्हशीचं दूध, देवीच्या नावानं काढलेलं, आणि तुळजापूरला पोहोचायच्या आधीच येडशीच्या घाटात कलंडलं. घरात कोणीतरी काहीतरी बोललं असेल, आणि तुझ्याही मनात पाल चुकचुकली असेल. नव्या घरात आपण मुद्दाम दूध उतू जाऊ देतो आणि त्याला शुभ म्हणतो, आणि तेच दूध चुकून सांडलं की सगळ्या घराची तोंडं उतरतात. मी देवीची भक्त आहे, तुला माहीत आहे. दर नवरात्रात तुळजापूरच्या घाटशीळेवरून, वेगवेगळ्या रस्त्यांवरून जी हजारो माणसं अनवाणी तिच्याकडे चालत येतात, त्यातल्या किती जणांच्या हातून काय काय सांडत असेल! कोणाचं तेल, कोणाचं कुंकू, कोणाच्या डोक्यावरची परडी. ती आई आहे गं. किटलीचं झाकण सैल होतं आणि वळणावर ब्रेक लागला, एवढंच घडलं. यात अपशकुन शोधून रात्री जागू नकोस. पुन्हा जाशील तेव्हा तुळजापुरातच ताजं दूध घे आणि मनोभावे घाल.

आणि दुसरं. दूध सांडल्यानंतर गाडीत सगळे गप्प झाले आणि साफ करायला फक्त तू वाकलीस, हे मला आवडलं नाही. गाडी घरातल्या सगळ्यांची. पाट आणि ज्वारीचं पोतं जावईबापूंनी उचलावं, टॉवेल मोठ्या लेकीनं पिळावेत. रागानं नको सांगूस, काम वाटून दे. एकटीनं केलंस तर पुढच्या वेळी किटलीकडेही एकटीनंच बघावं लागेल.

किटलीवरून आठवलं. वाशीहून येरमाळा, येडशी करत तू पुन्हा दूध आणणारच आहेस, म्हणून सांगते. दूध कधीच सीटवर ठेवायचं नाही. पुढच्या सीटच्या पाठीमागे, खाली पायाशी, आणि तेही घमेल्यात किंवा प्लास्टिकच्या टबात उभं करून, भोवती पोतं कोंबून. सांडलं तरी टबात सांडेल. किटली गळ्यापर्यंत भरायची नाही, बोटभर रिकामी ठेवायची. झाकणाखाली सुती फडकं नको, ते दूध शोषून बाहेर ठिबकवतं. प्लास्टिकचा कागद ताणून, रबर लावून, मग झाकण. उन्हाळ्यात तर निघायच्या आधी तापवून पूर्ण गार केलेलंच आण. आईला निरसं द्यायची हौस आहे, तिला मी समजावते.

काम झाल्यावर दोन-तीन दिवस उन्हात काचा लावून गाडी ठेव आणि मग दार उघडून बघ. तेव्हा वास आला नाही तर बहुतेक जिंकलीस. ‘बहुतेक’ अशासाठी म्हणते की खरी परीक्षा मृगाच्या पावसाची. हवेत ओल आली की फोममध्ये उरलेला कणही बोलायला लागतो. तेव्हा थोडासा आंबूस वास आलाच तर घाबरून पहिल्यापासून सुरू करू नकोस. त्या जागेवर एन्झाइमचा आणखी एक हात दे, सोडा दे, आणि उघडीप मिळेल तेव्हा वाळव. बाटली शिल्लक ठेवशील ना? आणि उद्या उंबऱ्याची ती पट्टी काढलीस की मला व्हिडिओ कॉल कर, फोम सुटा आहे की चिकटलेला ते मी बघून सांगते.